बोन्सायची सुरुवात कशी करावी? ऑनलाइन मिळणारं बियांचं किट घ्यावं का?

किट घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की ठाण्यात फ्लॅट आहे, पूर्वेच्या बाल्कनीत अकरापर्यंत ऊन असतं, दोन हजार खर्चायची तयारी आहे आणि घरचे 'झाडाचा छळ' म्हणून नाक मुरडतात. त्या हिशोबानं सांगतो.

'बोन्सायचं बी' असं काही नसतंच. बी साध्या झाडाचंच असतं, पुढचं सगळं आपण करायचं. शिवाय किटच्या खोक्यावर असतात जपानी मेपल नाहीतर पाइन. त्यांना खरीखुरी थंडी लागते, ती ठाण्यात कुठून आणणार? आणि उगवलंच तरी खोड अंगठ्याएवढं होईपर्यंत वर्षं जातात.

त्यापेक्षा नर्सरीत जाऊन फायकस मागा. आपल्याकडे ज्याला नांदरूक म्हणतात ते मिळालं तर उत्तम. वडाच्याच कुळातलं, पानं लहान, छाटणी सोसणारं आणि आपल्या हवेत रुळलेलं. पिंपळ भिंतीत फुकट उगवतो म्हणून अनेक जण तोच उपटून आणतात, पण त्याची पानं म्हणावी तशी लहान होत नाहीत. दुसरा पर्याय जेड, म्हणजे जाड, रसाळ पानांचं झुडूप. लालसर देठ आणि नखाएवढी पानं असलेलं बघून घ्या. पाणी द्यायला विसरणाऱ्यांसाठी ते बरं.

निवडताना वरची हिरवळ बघू नका. बुंध्याजवळची माती बोटानं थोडी उकरा. खोड खाली रुंदावत गेलंय का, मुळं चारी बाजूंना पसरलीत की एकाच बाजूला गुंता झालाय, ते बघा. फांद्या नंतर नव्या येतात, बुंधा मात्र जो मिळेल तोच. मालक 'माती कशाला उकरताय' म्हणून ओरडेल, ते ऐकून घ्यायचं.

आणि बोन्सायचा ट्रे आत्ता घेऊ नका! लोक इथेच फसतात. उथळ ट्रेमध्ये मुळांना जागा नसते, त्यामुळे वाढ मंदावते आणि खोड जाड होत नाही. तयार झालेलं झाड ट्रेमध्ये जातं. ते घडायचं असतं साध्या मोठ्या कुंडीत.

नर्सरीतल्या लाल मातीचा गोळा वाळला की दगडासारखा होतो. वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून खालून बाहेर पडतं, आपण खूश होतो आणि आत मुळं कोरडीच. आणल्यावर कुंडी बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत राहू द्या. मग पंधरा दिवस त्याला हात लावू नका. जागा बदलली की फायकस पानं गाळतं, घाबरू नका.

कुंडी बदलायची ती पावसाळ्याच्या तोंडावर. विटांचे तुकडे फोडून चाळा, पीठ टाकून द्या आणि साबुदाण्याहून मोठी, हरभऱ्याहून लहान खडी ठेवा. दोन भाग ही खडी, एक भाग जाड वाळू, एक भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत. भोकांवर जाळी. मुळं एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका आणि त्याच दिवशी फांद्यांना वळण देण्यासाठी तार गुंडाळायची हौस आवरा. फायकसचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पाण्याला वेळापत्रक नको. बोट पेराएवढं खुपसून बघा, कोरडं लागलं तरच द्या, तेही खालून वाहेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये कधी दोनदा लागेल. जुलैत झड लागली की कुंडीच्या एका बाजूला लाकडाची चिप सरकवून ती तिरकी करा, म्हणजे पाणी साचणार नाही. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवायचा मोह मात्र टाळा. पाहुणे आले तर दोन तास आणा, पुन्हा बाहेर.

छाटणी सोपी आहे: फांदीला सहा-आठ पानं येऊ द्यायची आणि दोन-तीन ठेवून बाकी उडवायची. तार अॅल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची. पावसाळ्यात फायकस इतकं भराभर फुगतं की तार सालीत रुतते. म्हणून दर आठवड्याला बघायचं आणि काढताना उलगडत न बसता कटरनं तुकडे करायचे.

छळाचं म्हणाल तर घरच्यांना यामाकी पाइनची गोष्ट सांगा. 1625 पासून कुंडीत वाढवलेलं हे झाड 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमात, बॉम्ब पडला तिथून तीनेक किलोमीटरवर होतं. ते वाचलं. 1976 मध्ये जपाननं ते अमेरिकेला भेट दिलं आणि आज ते वॉशिंग्टनमध्ये आहे. उपाशी ठेवलेलं झाड एवढं जगत नाही. त्याला खत, पाणी, ऊन सगळं वेळेवर मिळावं लागतं.

तुमच्या बजेटमध्ये एक सोडून दोन झाडं घ्या. एकच असलं की हात शिवशिवतात, रोज काहीतरी कापलं जातं आणि त्याला वाढायला फुरसतच मिळत नाही.