बी.कॉम.नंतर युएक्स : क्लासआधी ऑफिसातल्या काकांच्या मागे उभी राहा

तुझा प्रश्न असा आहे : यंदा बडोद्यातून बी.कॉम. झालीस, रावपुऱ्यात एका सीएंकडे अर्धा दिवस काम करतेस, युएक्स डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप-सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सोपं जाईल असं आखायच्या कामात, शिरायचंय, पण चित्र काढता येत नाही. क्लासवाले सहा महिन्यांचे दीड लाख मागताहेत. आणि फाइन आर्ट्सच्या मुलांपुढे आपला निभाव लागेल का, ही धास्ती. मी या धंद्यात चौदा वर्षं आहे, वयानेही बरीच मोठी, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

चित्रकलेचं आधी मिटवू. मला पट्टीशिवाय सरळ रेघ ओढता येत नाही, आणि आजवर कुणी ओढायला सांगितलेली नाही. फाइन आर्ट्सच्या मुलांची नजर मात्र तयार असते. अक्षर, मांडणी, कुठे जागा मोकळी सोडायची, हे त्यांना दिसतं. तुला ते मेहनतीने कमवावं लागेल, खोटं कशाला सांगू. पण हे काम म्हणजे स्क्रीन सजवणं नव्हे. 'युजर एक्स्पीरियन्स' हे शब्द ज्यांनी १९९३ मध्ये ॲपलमध्ये स्वतःच्या पदनामात घातले, ते डॉन नॉर्मन मूळचे इंजिनिअर आणि पुढे मानसशास्त्राचे प्राध्यापक.

मला हे उशिरा कळलं, तेही दांडिया बाजारात. एका क्रेडिट सोसायटीचं मोबाइल ॲप आमच्या ऑफिसने केलं होतं, स्क्रीन माझे. मीटिंगमध्ये सगळ्यांनी वाहवा केलेली. सुरू झाल्यावर आठवड्याने सहज बघायला गेले. सत्तरीचे एक आजोबा काउंटरशी फोन घेऊन उभे. ओटीपी मागवला, मेसेज बघायला ॲपमधून बाहेर पडले, परत आले तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी क्लार्ककडून पेन मागितलं, मेसेज उघडून सहा आकडे डाव्या तळव्यावर लिहिले, आणि मग नवीन ओटीपी आला. तळव्यावरचा जुना झाला. तो खोडून शेजारी दुसरा लिहिला. ॲप पुन्हा उघडून घाईघाईने भरला तर कीबोर्डने खालचं 'पुढे' बटण झाकून टाकलेलं. पान वर सरकवायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? म्हणाले, "जाऊ दे ताई, पासबुकच भरून द्या." दोन्ही चुका डेव्हलपरने एका दिवसात दुरुस्त केल्या. पण त्या तळव्यापर्यंत पोचायला मला नोकरीची तीन वर्षं लागली होती.

आता तुझ्याकडे काय आहे ते बघ. तू ज्या ऑफिसात बसतेस तिथे कुणी तरी वीस वर्षं टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर व्हाउचर भरणारे काका असतीलच. त्यांच्या मागे अर्धा तास उभी राहा. माऊसला हात लागतो का बघ. विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९, बाकी एंटर-एंटर-एंटर, नजर बिलावर, स्क्रीनकडे फक्त शेवटी. अशा माणसाला कुणी सुंदर, गोल कोपऱ्यांचा, माऊसने निवडायच्या याद्यांनी भरलेला स्क्रीन दिला तर तो दुपारपर्यंत जुनं सॉफ्टवेअर परत मागेल. नव्या डिझायनरला हे ठाऊक नसतं. तुला आहे, आणि त्यासाठी तू तीन वर्षं फी भरलेली आहेस. हिशेब, जीएसटी, कर्ज, विमा असली सॉफ्टवेअर बनवणारे खूप आहेत आणि त्यांना कॉमर्स समजणारा डिझायनर सहजी मिळत नाही. बी.कॉम. लपवू नकोस, अर्जात पहिल्या ओळीत लिही.

म्हणून क्लासआधी हे कर. एकच काम निवड. समजा, पक्षकाराकडून बिलं मागवण्यापासून रिटर्न भरेपर्यंतचं. पाच माणसांना ते करताना बघ. पाचच का, तर वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांचा २००० सालचा हिशेब आहे की पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसून जातात. त्या आकड्यावर वाद पुष्कळ झाले, पण सुरुवातीला पाच भरपूर झाले. मदत करू नकोस, हे सर्वांत अवघड. हात शिवशिवतात. माणूस कुठे थांबला, काय पुटपुटला, कागदावर काय उतरवून घेतलं, ते वहीत लिही. सीएंना आधी विचार, आणि पक्षकारांची नावं-आकडे कुठेही यायला नकोत. मग एक अडचण धर, उपाय कागदावर पेन्सिलीने काढ, त्याच माणसांपुढे ठेव, फसला तर तेही लिही. हा झाला पोर्टफोलिओतला पहिला नमुना. मुलाखत घेताना मी असा एक नमुना वाचते. खाण्याच्या ॲपचे नवे रंग दाखवणारी वीस पानं चाळते.

स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर फिग्मा शीक, फुकटात सुरू होतं, महिनाभरात हात बसतो. स्क्रीन आता एआयही पटापट काढून देतो, तेव्हा निव्वळ तेवढ्यावर नोकरी मागशील तर कठीण आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं लिहायचा मोह मात्र पहिल्या दिवसापासून टाळ. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ इतका फरक हवा, असा वेबच्या सुलभतेचा नियम सांगतो.

भाषेचंही भांडवल आहे तुझ्याकडे. घरी मराठी, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी. इंग्रजी मजकूर धरून आखलेल्या चौकटीत मराठी घातली की वरची वेलांटी आणि रफार कापले जातात, हे परक्या टेस्टरच्या लक्षातही येत नाही. गुजरातीत बटणावर 'आगळ' लिहिलं की पुढे जायचं. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आगळ घातली म्हणजे दार बंद ना गं?"

पुढचं शिक्षण घ्यायचंच असेल तर आयआयटी मुंबई घेते ती सीड, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा बघ. तिथली डिझाइनची शाळा आयडीसी १९६९ पासून आहे. बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी असली की बसता येतं, कॉमर्सलाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी, गाडीने दोन तासांवर, त्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी. दोन्हीकडे स्पर्धा तगडी आहे, तेव्हा नोकरी धरूनच तयारी कर. बडोद्यातल्या छोट्या कंपन्यांत रिसर्चर, युआय (स्क्रीनची मांडणी करणारा), मजकूर लिहिणारा असे वेगळे कप्पे नसतात, एकालाच सगळं करावं लागतं. पगार पहिल्या वर्षी हिरमोड करेल. तरी दोन वर्षं तिथे काढलेली मला तरी फळली.

आणि त्या क्लासवाल्यांना फोन करशीलच, तर एवढंच विचार : सहा महिन्यांत विद्यार्थी किती खऱ्या माणसांसमोर आपलं काम ठेवतात? 'प्रोजेक्ट' किती, ते नको, माणसं किती. उत्तर काय मिळालं ते कळव. तोवर वहीची पहिली दोन पानं मला दाखव, नावं खोडून.