वॉटरप्रूफ कॅमेरा पावसात, खाडीवर आणि समुद्रात बिनधास्त वापरता येतो का? काळजी काय घ्यायची?

वापरा, भरपूर वापरा. कपाटात ठेवायला असा कॅमेरा कोणी घेत नाही.

तुम्ही लिहिलंय की ऑलिम्पसचा टीजी-6 परदेशी निघालेल्या मित्राकडून घेतलाय. राहता मानपाड्याला. पावसाळ्यात येऊरला न्यायचाय, भाच्याच्या गोविंदा पथकाचे फोटो काढायचेत आणि दिवाळीत तारकर्लीला पाण्याखाली न्यायचाय. अंगावर 15 मीटर लिहिलंय म्हटल्यावर निर्धास्त राहायचं का, हा तुमचा प्रश्न. माझं मत असं, की त्या 15 मीटरवर तुम्ही गरजेपेक्षा जास्त विसंबलाय आणि झाकणाचा विचारच केलेला नाही. या कॅमेऱ्यांत पाणी शिरतं ते बहुतेक वेळा खोलीमुळे नाही, तर नीट न बसलेल्या झाकणामुळे.

मी ऐरोलीला राहते आणि टीजी-6 खाडीच्या काठावर वापरते, मुख्यतः निवट्यांसाठी, म्हणजे चिखलावर फिरणाऱ्या छोट्या माशांसाठी. ओहोटीला चिखलावर त्या उड्या मारतात तेव्हा कॅमेरा जमिनीला टेकवूनच फोटो घ्यावा लागतो. याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून 1 सेंटीमीटरवरचंही फोकस होतं. निवटी काही तेवढ्या जवळ येऊ देत नाही, पण तिवराच्या पानावरचे मिठाचे कण सुरेख येतात. सांगायचं कारण, खारं पाणी, चिखल आणि दमट हवा या तिन्हींशी माझ्या कॅमेऱ्याची रोजची गाठ आहे.

आधी 15 मीटरचं. हा आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि चाचणी साध्या, गोड्या पाण्यात होते. जोरात आदळणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. आयपी मानांकनातही (वस्तू पाणी-धूळ किती अडवते त्याची प्रतवारी) आयपीएक्स5 आणि 6 हे फवाऱ्यासाठी असतात, 7 आणि 8 बुडवण्यासाठी. बुडवण्याची चाचणी पास झालेली वस्तू फवाऱ्याची चाचणीही पास होईलच असं नाही. म्हणून दहीहंडीला टँकरच्या पाइपाचा थेट झोत झाकणाच्या बाजूवर घेऊ नका. अंगावर पाणी उडालं, बादल्या ओतल्या, काही बिघडत नाही. पाइप आपल्याकडे वळला की कॅमेरा छातीशी धरून पाठ फिरवायची. धबधब्याच्या धारेखाली धरणं किंवा कॅमेरा हातात घेऊन उंचावरून पाण्यात उडी मारणं, हेही त्यातच आलं. येऊरच्या धबधब्यांवर पावसाळ्यात बऱ्याचदा बंदीचे आदेश असतात, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.

गरम पाण्यात मात्र अजिबात नको. इथून लोक सहज वज्रेश्वरी-गणेशपुरीला जातात आणि कुंडात कॅमेरा बुडवून बघायचा मोह होतो. या कॅमेऱ्याची वापराची कमाल मर्यादा 40 अंश सेल्सियस आहे आणि कुंडाचं पाणी हाताला चटका बसावा इतकं गरम असतं. उष्णतेने रबर मऊ पडतं, आतली हवा फुगते, आणि त्यानंतर कॅमेरा गार पाण्यात गेला की तीच हवा आकसून बाहेरचं पाणी आत ओढू पाहते. उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरून उचलून थेट समुद्रात नेणंही याच कारणाने टाळायचं.

आता झाकण. टीजी-6 ला दोन झाकणं आहेत: खाली बॅटरी आणि कार्डाचं, बाजूला केबलचं. बाजूचं लोक विसरतात. चार्जिंग त्यातूनच होतं, म्हणजे उघडझाप त्याचीही तेवढीच. दोन्हींच्या आत रबरी सील असतं आणि सगळा भरवसा त्या सीलवर. कुकरच्या रिंगेत भाताचं एक शीत अडकलं तरी वाफ निघत राहते, इथेही हिशोब तोच. टॉवेलचा धागा, केस, वाळूचा एखादा कण पुरतो. बंद करताना मी टॉर्च तिरका धरून सील पूर्ण फिरवून बघते. समोरून प्रकाश टाकला तर केस दिसत नाही, तिरप्या प्रकाशात त्याची सावली पडते. कण दिसला तर ब्लोअरने उडवायचा, चिकटला असेल तर चष्म्याच्या कोरड्या फडक्याने हलकेच उचलायचा. नख, सुई, टूथपिक लावू नका. सील ज्या कडेवर टेकतं ती समोरची कडही पुसा, तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. मग झाकण दाबून कुलूप पूर्ण सरकवायचं आणि अंगठ्याने एकदा ओढून बघायचं.

सीलला व्हॅसलीन, खोबरेल तेल, मशीनचं तेल काहीही लावायचं नाही. सिलिकॉन ग्रीस लावतात ते वेगळ्या मिळणाऱ्या पाण्याखालच्या हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायच्या जलरोधक पेटीच्या, रिंगला. त्याचे व्हिडिओ बघून लोक कॅमेऱ्याच्या सीललाही चोपडतात आणि मग त्यावर धूळ घट्ट बसते.

झाकण कुठे उघडायचं यात खरी शिस्त लागते. वाळूत नाही, होडीत नाही, पावसात छत्रीखालीही नाही. माझ्या ओळखीतल्या एकाने उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर ओल्या हातांनी कार्ड बदललं, झाकण लावलं आणि परत पाण्यात उतरला. घरी येईपर्यंत बॅटरीच्या कप्प्यात खारं पाणी होतं. सहलीला निघतानाच बॅटरी पूर्ण भरलेली आणि कार्ड रिकामं ठेवा, म्हणजे दिवसभर उघडायची वेळच येत नाही. आलीच तर गाडीत बसा, हात, केस आणि कॅमेरा कोरडे करा, झाकणाची बाजू खाली धरून उघडा, म्हणजे फटीत अडकलेलं पाणी आत न जाता बाहेर गळतं.

तुमचा कॅमेरा वापरलेला आहे, त्यामुळे एक काम लगेच करा: मित्राला विचारा, तो कधी जोरात आपटला होता का आणि सील कधी बदललं. 2.1 मीटरवरून पडला तरी चालतो असं कंपनी सांगते, पण आपटल्यावर झाकण किंचित वाकलं तर पाणी अडवायची खात्री उरत नाही. सील वापर नसला तरी जुनं होतं, आणि वर्षाला एकदा बदलून घ्यायची शिफारस असते. तारकर्लीच्या आधी अधिकृत सेवा केंद्रात तपासून घ्यायला दिलात तर उत्तम. आत पाणी गेल्यावर हमीत बसेल अशी आशा धरू नका. जुन्या कॅमेऱ्याला तर नाहीच.

घरी करायची चाचणी सोपी आहे. बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं नीट लावा, बादलीभर साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. सुरुवातीला कडेच्या भोकांतून दोनचार बुडबुडे येतात, ती बाहेरच्या खाचांत अडकलेली हवा. झाकणाच्या फटीतून बुडबुड्यांची सलग माळ निघाली तर लगेच बाहेर काढा. नंतर पूर्ण कोरडा करून उघडा आणि सीलच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. बादलीतून 15 मीटरची खात्री मिळत नाही, पण मोठी गळती असेल तर ती घरीच कळते.

समुद्र किंवा खाडीवरून आल्यावरचा पहिला तास सर्वांत महत्त्वाचा. मीठ एकदा वाळलं की बटणांच्या खाली आणि बिजागरीत त्याचे खडे होतात, मग बटण अडकायला लागतं आणि झाकण उघडताना तेच खडे सीलवर पडतात. म्हणून वाळू द्यायचाच नाही. परतीला तास लागणार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून आणा. घरी आल्यावर झाकणं बंद ठेवूनच साध्या पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायचा. पाण्यातच प्रत्येक बटण दाबायचं, झूमची कळ आणि वरची चकती फिरवायची. खाडीवरून आणला असेल तर पाण्यात राखाडी धूर पसरल्यासारखा चिखल निघतो. पाणी बदलायचं आणि ते नितळ राहीपर्यंत परत तेच. नळाची जोरदार धार, साबण, स्पिरिट काही नको. माइक आणि स्पीकरच्या भोकांत, दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या भोकात पिन घालू नका. कॅमेरा उलटा धरून तळहातावर हलकेच ठोकला की पाणी निघतं. पहिल्या दिवशी व्हिडिओचा आवाज दबलेला आला तर घाबरू नका, भोकं सुकली की मोकळा होतो. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण वाळवा आणि मगच झाकण उघडा. ओल्या पोर्टला चार्जर लावणं म्हणजे पितळी-सोनेरी टोकं हिरवी करून घेणं. स्विमिंग पूलच्या क्लोरीनच्या पाण्यानंतरही असंच धुवायचं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आणखी एक त्रास असतो: लेन्सवर आतून येणारी वाफ. झाकण दमट हवेत बंद केलं की ती हवा आत कोंडली जाते, आणि कॅमेरा गार पाण्यात गेल्यावर काचेच्या आतून धुकं धरतं. उपाय सोपा. निघायच्या आधी बॅटरी आणि कार्ड एसी चालू असलेल्या खोलीत घाला आणि झाकण तिथेच बंद करा, तिथली हवा कोरडी असते. मग बंद पिशवीत घालून बाहेर न्या. बाहेर आल्यावर काचेवर बाहेरून वाफ धरली तर ती पाचदहा मिनिटांत जाते. ती जाईपर्यंत झाकण उघडायचं नाही. ठेवताना हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढा. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी आधी चामड्याला लागते.

फोटोंबद्दलही थोडं. टीजी-6 मध्ये शटरचा वेग आपल्याला थेट ठरवता येत नाही. ढगाळ दिवशी हंडीला आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) 800 पर्यंत वाढवा, वेग आपोआप वाढतो आणि उडणारे थेंब गोठल्यासारखे येतात. प्रो कॅप्चर चालू केलं तर बटण पूर्ण दाबायच्या आधीच्या काही फ्रेमही साठतात. हंडी फुटायचा क्षण यात सापडतो, निवटीची उडीसुद्धा. पावसात काचेवर थेंब बसतो आणि छोट्या स्क्रीनवर तो कळत नाही, म्हणून खिशात एक कोरडा रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

तारकर्लीला मागची मोडची चकती पाण्याखालच्या मोडवर ठेवा. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे साध्या मोडमध्ये सगळं हिरवट-निळं येतं. व्हाइट बॅलन्समध्ये (रंग नैसर्गिक दिसावेत म्हणूनची सेटिंग) उथळ, मध्यम आणि खोल असे पाण्याचे तीन पर्याय आहेत, ते खोलीप्रमाणे बदला. पाणी गढूळ असेल तर फ्लॅश बंद, नाहीतर तरंगणारा प्रत्येक कण पांढरा चमकतो. आणि तरंगणारा पट्टा नक्की घ्या. हा कॅमेरा पाव किलोचा आहे आणि पाण्यात सरळ तळाला जातो. पट्टा त्याचं वजन खरंच पेलतो का, हे बादलीच्या चाचणीतच बघून घ्या, बाजारात स्वस्त मिळणारे काही पट्टे कॅमेऱ्यासकट बुडतात.

इतकं करूनही आत पाणी गेलंच तर कॅमेरा चालू करून बघू नका. बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, झाकणं उघडी ठेवा आणि शक्य तितक्या लवकर सेवा केंद्रात द्या. खारं पाणी असेल तर तिथे तसं स्पष्ट सांगा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला चार जण देतील. तांदूळ आतलं मीठ काढत नाही, वर त्याची पूड झाकणात शिरते. हेअर ड्रायरही नको, गरम हवेने सील खराब होतं. कार्ड वेगळं सुकवून दुसऱ्या दिवशी संगणकाला लावा, फोटो बहुतेक वेळा शाबूत मिळतात.