'काढतं', 'काढीव' की 'काढघालीचं'?

प्रश्न कुपवाड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्याचा. जुन्या लेथला, म्हणजे फिरत्या लोखंडाला हत्यार लावून आकार देणाऱ्या यंत्राला, त्यांनी संगणकाच्या हुकमानं मोजून फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटरा जोडल्यात. एक हत्यार लांबीत सरकवणाऱ्या लीडस्क्रूला, दुसरी ते आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडला. एकसारखे पन्नास जॉब करायचे असले की मोटरा चढवतात. दुरुस्तीचा एखादा शाफ्ट आला की उतरवून ठेवतात आणि पुन्हा हँडल हातात. माहितीपत्रकात याला 'विलग करण्याजोगी संगणकीय नियंत्रण प्रणाली' म्हटलं, तर त्यांचेच टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे, हसले. 'काढतं सीएनसी' (सीएनसी म्हणजे यंत्राचं संगणकीय नियंत्रण) लिहिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

टर्नर बरोबर हसले. पण 'काढतं' नको. 'सरकता जिना' म्हणतो तेव्हा जिना स्वतः सरकतो, 'लिहिता माणूस' स्वतः लिहितो. हा 'ता' क्रिया करणाऱ्याला लागतो. त्यामुळे 'काढतं सीएनसी' म्हणजे काहीतरी काढणारं सीएनसी. (लोखंडाचा कीस काढतंच म्हणा!) 'काढता पाय' आहे की, असं कुणी म्हणेल, पण तो वाक्प्रचारात गोठलेला आहे, त्याच्या साच्यात नवे शब्द पडत नाहीत. 'निघतं' व्याकरणात बसेल, पण ते आपलं आपण गळून पडतंय असं वाटून गिऱ्हाईक पळेल.

'काढीव'ही बाद. कोरीव, घडीव, ओतीव यांतलं काम होऊन गेलेलं असतं. याच घरातला 'कातीव' मला फार आवडतो. कातणं म्हणजे सूत काढणं तसंच फिरत्या लाकडाला हत्यार लावून आकार देणंही, आणि ते काम करणारा तो कातारी. म्हणजे टर्नरला मराठी शब्द होताच, फक्त तो लाकडापाशी राहिला. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्या पट्ट्यात लोखंडाबरोबर इंग्रजी नावं रुळली ती अशा कारखान्यांतूनच, असं मला वाटतं. त्याची खंत करायचं कारण नाही. लेथला लेथच म्हणा.

'सुटं' जवळ येतं, पण सुटे भाग, सुटे पैसे यांत ते वेगळंच असतं. तुमचं तर आज लागलेलं, उद्या काढलेलं.

म्हणून माझं मत 'काढघालीचं सीएनसी'. ये-जा, ने-आण, उघडझाप या जोड्यांत क्रिया दोन्ही बाजूंनी आणि वारंवार होते. तुम्हाला नेमकं तेच सांगायचंय. शब्द नवा नाही. रोजच्या काढघालीनं कुडीच्या फिरकीचे आटे झिजतात, असं आमच्या घरी हमखास ऐकू येतं. पत्रकात जरा भारदस्त हवं असेल तर 'हवं तेव्हा चढवता-उतरवता येणारं' लिहा. 'प्रणाली' मात्र कुठेच नको.

हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडेपण तेच झालं हो." मोटरेची ब्रॅकेट आठ एमएमच्या दोन बोल्टांवर होती. तेराचा पाना लावून सारखी काढघाल करता करता भोकातले आटे गेले, आणि दर वेळी मोटरेचा पट्टा जरा तिरका बसायला लागला. आता जागा धरायला त्यांनी दोन पिना ठोकल्यात. बोल्ट फक्त आवळायला.