सरकवल्यानंतर सेमीलँडमार्क हाडावरून का सुटतात?

तुमची अडचण मला कळली ती अशी: शेळ्यांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन, त्यावर १४ पक्के लँडमार्क (प्रत्येक कवटीत नेमक्या त्याच जागी ओळखता येणारे बिंदू), नाकाच्या हाडावरून एक कर्व्ह आणि कपाळावर पृष्ठभागाचे ६० बिंदू. कर्व्हवरचे आणि पृष्ठभागावरचे बिंदू म्हणजे सेमीलँडमार्क. त्यांची नेमकी जागा ठरलेली नसते, म्हणून तुलनेआधी ते सरकवून जुळवतात. जिओमॉर्फमध्ये सरकवले की बिंदू हवेत राहतात, मॉर्फोमध्ये (दोन्ही आर भाषेतली आकार मोजण्याची पॅकेजेस) सरकवले की त्यातले काही हाडाच्या आत जातात, आणि मधूनच मॅट्रिक्स सिंग्युलर असल्याचा एरर येतो. मी सांगलीत मेंढ्यांच्या कवट्यांवर हेच काम करते. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीचं बाकदार नाक प्रसिद्ध आहे, तो बाक नीट मोजायचा म्हणून यात पडले. या तिन्ही गोष्टी मी भोगल्या आहेत आणि तिघींची कारणं वेगवेगळी आहेत.

हवेतले बिंदू ही तुमची चूक नाही. जिओमॉर्फला मेश, म्हणजे स्कॅनवरून बनवलेला हाडाचा त्रिमितीय पृष्ठभाग, दिसतच नाही. शेजारच्या बिंदूंवरून तो स्पर्शप्रतल काढतो आणि त्या सपाट प्रतलावर बिंदू सरकवतो. हाड सपाट असेल तर फरक जाणवत नाही, पण जिथे उंचवटा आहे तिथे बिंदू हाड सोडणारच. मॉर्फोच्या स्लायडर३डी या फंक्शनला प्रत्येक कवटीचं मेश दिलं, तर तो सरकवलेले बिंदू पुन्हा पृष्ठभागावर टेकवतो. तुमच्या कामाला तोच बरा.

मग तिथे बिंदू आत का जातात? सीटीच्या मेशमध्ये हाडाची बाहेरची भिंत असते तशी आतलीही असते. नाकाचं हाड पातळ, आणि कपाळाच्या हाडाखाली सायनसची पोकळी. टेकवताना सर्वांत जवळचा पृष्ठभाग धरला जातो, आणि तो आतला निघाला की बिंदू तिकडे गेला. मेशलॅबमध्ये (मेश साफ करायचं सॉफ्टवेअर) आतली भिंत काढून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं. टेम्प्लेटवरचे (नमुना कवटीवरचे) बिंदू मॉर्फोच्या प्लेसपॅच फंक्शनने बाकी कवट्यांवर टाकत असाल तर त्यातली इन्फ्लेटची किंमत थोडी वाढवा, म्हणजे बिंदू आधी बाहेर ढकलले जाऊन मग बाहेरच्या बाजूने हाडावर येतात.

सिंग्युलरचा एरर बहुतेक वेळा एकाच जागी पडलेल्या दोन बिंदूंमुळे येतो. कर्व्हचं टोक तुम्ही पक्का लँडमार्क म्हणून घेतलं, आणि कर्व्ह समान अंतरावर पुन्हा कापताना तेच टोक पहिला बिंदू म्हणून परत आलं. दोन बिंदू एकच झाले की मॅट्रिक्सच्या दोन ओळी सारख्या होतात आणि उलटा मॅट्रिक्स निघत नाही. प्रत्येक कवटीत बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर काढा. शून्य आलं तर चोर सापडला. जिओमॉर्फच्या कर्व्हच्या तक्त्यात आधीचा, सरकणारा, नंतरचा असे तीन रकाने असतात. टोकं मधल्या रकान्यात कधीच येता कामा नयेत, नाहीतर अख्खा कर्व्ह टोकाबाहेर घसरतो.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण तपासलीच पाहिजे. माझ्या एका मेंढ्याची कवटी पहिल्या पीसीवर (कवट्यांमधला सर्वांत मोठा फरक दाखवणाऱ्या अक्षावर) बाकी सगळ्यांपासून लांब पडली होती. नाकाचा बाक मोठा असल्यामुळेच असं झालं, असं मी दोन दिवस धरून चालले. मग त्या मेशवर बिंदूंचे क्रमांक छापून बघितले. बाकी कवट्यांत १५ नंबर कपाळाकडे होता, हिच्यात नाकपुडीकडे! तो कर्व्ह मी उलट्या दिशेने काढला होता. क्रम फिरवला आणि कवटी कळपात परत आली. एरर कुठेच आला नव्हता, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्यात चूक नव्हतीच. म्हणून सरकवण्याआधी प्रत्येक कवटी क्रमांकांसह डोळ्यांनी बघाच.

सरकवताना बिंदू एकमेकांना ओलांडत असतील तर प्रोक्रस्टीझ अंतराऐवजी (जुळवलेल्या आकारांच्या बिंदूंमधलं अंतर) बेंडिंग एनर्जी (एक आकार वाकवून दुसरा करायला लागणारी ‘ऊर्जा’) हा निकष वापरा. अंतराच्या निकषात प्रत्येक बिंदू शेजाऱ्याकडे न बघता सरकतो. बेंडिंग एनर्जीत शेजारी एकमेकांना धरून हलतात. तरीही घसरत असतील तर स्लायडर३डीमधला स्टेपसाइज (एका फेरीत बिंदू किती सरकवायचे ते) एकपेक्षा कमी ठेवा. आणि निकाल वाचताना एकट्या सेमीलँडमार्कच्या हालचालीला अर्थ लावू नका. सरकवल्यावर कर्व्हच्या दिशेची माहिती आपणच टाकून दिलेली असते.

आधी तीनच कवट्या घ्या: एक सरळ नाकाची, एक सर्वांत बाकदार, एक पिल्लाची. त्या जमल्या की बाकीच्या घाला. तरीही एखादी अडली, तर सरकवण्याआधीचे आणि नंतरचे बिंदू एकाच मेशवर दोन रंगांत काढून ते चित्र इथे टाका. ते बघितल्याशिवाय पुढचं मला नक्की सांगता येणार नाही.