घरी कोरियन पद्धतीचा बीफ राइस बोल कसा करायचा? मांस रात्रभर मुरवावंच लागतं का?

तुम्ही मेलबर्नला राहता आणि ऑफिसजवळच्या कोरियन हॉटेलात खाल्लेला बीफ राइस बोल तुम्हाला घरी करायचाय. विचारलंय की मांस रात्रभर मुरवायचं का, मऊ पडायला किवी घातली तर चालेल का, गोचुजांग, म्हणजे कोरियन लाल मिरचीची पेस्ट, कोणतं घ्यायचं आणि भांडं कसलं हवं.

रात्रभर नको. किवी अजिबात नको. एक तास पुरतो, फार तर दोन.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे 2016 च्या सप्टेंबरात याच दोन गोष्टींवरून माझ्या स्वयंपाकघरात जे झालं, त्याचं खापर आजही माझ्या डोक्यावर फुटतंय.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. बीफ लहानपणापासून खाल्लेलं, त्यामुळे मांस नवीन नव्हतं. 2014 ते 2019 अशी पाच वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण कोरियात सुवॉनला काढली. सुवॉन म्हणजे ह्वासॉंग किल्ल्याचं गाव. राजा जॉंग्जोने तो 1794 ते 1796 मध्ये बांधला. तिथे पूर्वी गुरांचा मोठा बाजार भरायचा, आणि गावाची काल्बी, म्हणजे बरगडीचं मांस, आजही प्रसिद्ध आहे. आमच्या घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या. सगळी गल्ली त्यांना हाल्मोनी म्हणायची, म्हणजे आजी. मला कोरियन चार वाक्यं यायची आणि त्यांना इंग्रजी शून्य, त्यामुळे त्यांच्याकडे मी जे शिकले ते हात बघून शिकले. कोरियनमध्ये ‘सोन्मात’ असा शब्द आहे. सोन म्हणजे हात, मात म्हणजे चव. आपण अमकीच्या हाताला चव आहे म्हणतो, अगदी तेच. बाईच्या हाताला होती.

बुल्गोगी म्हणजे विस्तवावरचं मांस. ती भातावर घातली की झालं बुल्गोगी-दॉप्बाप. दॉप्ता म्हणजे झाकणं आणि बाप म्हणजे भात. तुम्ही खाल्लंत ते बहुतेक हेच. खिमा आणि ब्राउन शुगर घालून दहा मिनिटांत होणारा जो प्रकार इंटरनेटवर याच नावाने फिरतो तो अमेरिकेतला शॉर्टकट आहे. चव बरी असते, पण हाल्मोनींनी त्याला बुल्गोगी म्हटलं नसतं आणि मीही म्हणत नाही.

मांसासाठी तिकडे ‘गुन’ हे जुनं माप अजून चालतं. एक गुन मांस म्हणजे 600 ग्रॅम. गंमत अशी की भाजीचा गुन 400 ग्रॅमचा. हाल्मोनींचा हिशेब एवढाच, की शंभर ग्रॅमला एक मोठा चमचा सोया सॉस आणि त्याच्या निम्मी साखर. म्हणजे एका गुनाला सहा चमचे सॉस, तीन चमचे साखर, किसलेली कोरियन नासपती अर्धी वाटी, अर्धा कांदा किसून, दोन चमचे ठेचलेला लसूण, भरपूर मिरपूड, पातीचा कांदा, आणि शेवटी दोन चमचे भाजलेल्या तिळाचं तेल. क्रम पाळा. आधी नासपती आणि साखर लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, मग सॉस आणि लसूण. तेल सगळ्यांत शेवटी, कारण आधी तेल लागलं तर बाकीचं आत शिरत नाही. आणि चमच्याने ढवळायचं नाही, हाताने हलकं हलकं चोळायचं. त्याला त्या ‘जोमुल-जोमुल’ म्हणायच्या. आपल्या कालवणे-चुरणेमध्ये बसणारा शब्द नाही तो. बाळाच्या अंगाला तेल लावताना हात जसा फिरतो, तसा.

आता त्या सप्टेंबरचं सांगते. चुसॉक हा त्यांचा पीक घरात आल्याचा सण. त्या सुट्टीत माझे दीर आणि जाऊबाई बहारीनहून आठ दिवसांसाठी आले होते. सणाच्या दिवशी आम्ही सुवॉनमधल्या आणखी दोन मराठी कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. मी आदल्या दिवशी खाटकाकडून दोन गुन हानू आणलं. हानू म्हणजे कोरियाचं स्वतःचं गाईचं मांस. महाग असतं, ऑस्ट्रेलियातून आलेल्या मांसापेक्षा कितीतरी महाग, पण सण होता आणि पाहुणे होते. हाल्मोनींनी नासपतीची अख्खी पेटी दिली होती. चुसॉकला तिकडे अशा पेट्याच भेट देतात, एकेक नासपती लहान नारळाएवढी.

माझा बेत सकाळी अकराला मांस मुरवायचं आणि एकला परतायचं असा होता. जाऊबाईंना ते पटेना. “तासाभरात काय मुरतं गं? आपलं विंदालू रात्रभर व्हिनेगरमध्ये असतं म्हणून लागतं.” मी म्हटलं, “वहिनी, ते जाड तुकडे असतात, हे कागदासारखं पातळ आहे.” त्यावर त्यांनी फोनवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक बाई मांसात किवी घालत होती. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा गप्प बसले. मोठी जाऊ, पाहुणी म्हणून आलेली, आणि नवरा तिकडून खुणावत होता की जाऊ दे. रात्री नऊला त्यांनी तीन किवी कुस्करून त्या बाराशे ग्रॅम मांसात घातल्या आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं.

सकाळी झाकण उघडलं तर पट्ट्या उरल्याच नव्हत्या. बोटाने उचललं की तुटत होतं, तळाला करडा लगदा साचला होता. सणाचा दिवस, त्यामुळे खाटीक बंद, बाजार बंद.

दहाच्या सुमाराला हाल्मोनी सोंग्प्यॉनची ताटली घेऊन वर आल्या. सोंग्प्यॉन म्हणजे चुसॉकचे तांदळाचे वाफवलेले गोळे, आत तीळ-साखर. आपल्या मोदकाचे लांबचे भाऊ म्हणा. त्यांनी भांड्यात बघितलं, काड्यांनी एक तुकडा उचलला, तो मधेच तुटून पडला. त्यांनी माझ्याकडे बघून एकच शब्द विचारला, “किवी?”

मग त्या आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून बसल्या. सगळं मांस फडक्यात पिळून काढलं. खालून स्वतःच्या घरातलं टोफू आणलं, तेही पिळलं, त्यात अंडं, बारीक चिरलेलं गाजर आणि पात घालून लहान लहान चपट्या गोल टिक्क्या वळल्या. पिठात आणि फेटलेल्या अंड्यात बुडवून तव्यावर भाजल्या. त्याला तोंगुरांग्तेंग म्हणतात, सणाला करायचाच पदार्थ आहे तो. एक वाजता पानात टिक्क्या होत्या, आणि चार घरच्या मुलांनी त्या पुरवून पुरवून खाल्ल्या. माझा दॉप्बाप मात्र झाला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तर आज हे लिहिलं नसतं. 2018 मध्ये वसईला एका लग्नात जाऊबाईंनी माझ्यासमोर पंधरा बायकांना सांगितलं, की इतकी वर्षं कोरियात राहून हिला तिथलं मांस करता येत नाही, आम्हाला लगदा खायला घातला. मी त्या दिवशीही गप्प बसले. चुकलंच माझं.

तर किवीमुळे नेमकं काय होतं ते नीट सांगते. किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. अननसात ब्रोमेलेन असतं आणि कच्च्या पपईत पपेन, कामं तीच. नासपतीतही असं एन्झाइम असतं पण खूप सौम्य. शिवाय तिचं निम्मं काम गोडवा आणि रस देणं हे आहे. जाड तुकड्याला किवी लावली तर वरचा थर मऊ पडतो आणि आतला तग धरतो. दोन मिलिमीटरच्या पट्टीला आतला असा थरच नसतो, तिची दोन्ही अंगं उघडी. रात्रभरात तिचं काय होणार? व्हिनेगरमधलं विंदालू हे वेगळं प्रकरण आहे, तिथे मांस जाड असतं आणि आंबटपणाने ते असं विरघळत नाही. दोन्हींना ‘मुरवणं’ हा एकच शब्द असला तरी आत चाललेलं काम वेगळं असतं. वहिनींना हे मी सात-आठ वेळा सांगून बघितलंय.

पातळपणा हाच इथे मऊपणा आहे. तुम्हाला मेलबर्नला आशियाई दुकानांत हॉटपॉटसाठी कापलेलं गोठवलेलं बीफ मिळेल, तेच आणा. नसेल तर मानेकडचं किंवा रिब-आयचं मांस दीड तास फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट कडक झालं की धाग्यांना आडवं कापा. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर कितीही मुरवा, चामडंच लागणार. आणि कापलेलं मांस नळाखाली धुऊ नका. आपल्याला ती सवय असते, मलाही होती. हाल्मोनींनी माझ्या हातातून चाळण काढून घेतली होती. कागदी टॉवेलवर पसरून दाबून रक्त टिपायचं, बस. धुतलेलं मांस पाणी सोडतं आणि परतायच्या ऐवजी शिजत बसतं.

परतताना आच मोठी. मांस दोन-तीन वेळा थोडं थोडं टाका, एकदम ओतू नका. भांड्याचं विचारलंत तर जाड बुडाचं कुठलंही चालेल, आपली बिडाची कढई उत्तम. कांद्याचे उभे काप आणि मश्रूम आधी अर्धं मिनिट, मग मांस, दोन ते तीन मिनिटांत काम झालं. दॉप्बापसाठी रस हवा असतो, म्हणून शेवटी मुरवणीच्या भांड्यात अर्धी वाटी पाणी खळखळवून तेही ओता आणि चांगली उकळी येऊ द्या. कच्च्या मांसाचं पाणी आहे ते, उकळी चुकवू नका. कॉर्नफ्लोअर लावून तो रस घट्ट करणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, भातात रस झिरपायलाच हवा. वर अर्धकच्चं अंडं आणि भाजलेले तीळ.

सोया सॉस ‘जिन गान्जांग’ लिहिलेला घ्या. ‘गुक गान्जांग’ सूपचा असतो, जास्त खारट. आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर वापरतात तो काळाकुट्ट डार्क सॉस इथे चालणार नाही. तिळाचं तेलही भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी. भारतीय दुकानातलं फिकं तीळतेल म्हणजे वेगळीच वस्तू, त्याने बुल्गोगीचा वासच येत नाही.

भात आखूड दाण्याचा, चिकट. धुऊन अर्धा तास भिजवा आणि पाणी तांदळापेक्षा किंचितच जास्त ठेवा. बासमती नको. मी आता वसईत आंबेमोहोर नाहीतर इंद्रायणी वापरते, इंद्रायणी छान जमतो.

गोचुजांग बुल्गोगीत नसतंच. कोरियन म्हणजे लाल आणि तिखट ही समजूत सोडा. लाल हवं असेल तर डुकराच्या मांसाचं जेयुक करा, तिथे गोचुजांगच लागतं. खानावळीत वरून थोडं दिलं असेल तर ते तोंडीलावणं.

काही गोष्टी राहिल्या. वरचं माप सणाच्या जेवणाचं आहे, रोजच्याला सॉस पाच चमचे करा, विशेषतः घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल तर. किवीबद्दलही न्यायाने सांगायचं तर काही कोरियन घरांत ती घालतात, पण बरगडीच्या जाड मांसाला, किलोला एखादा चमचा आणि तेही अर्धा तास. आणि हे वाचून कुणी महाराष्ट्रात करणार असेल तर इथे 2015 च्या कायद्यानंतर गाईबरोबर बैल-वळूही बंदीत आहेत, म्हशीचं मांस चालतं. मी तेच वापरते. ते जरा चिवट असतं, म्हणून आणखी पातळ कापते आणि दोन तास पूर्ण ठेवते.

तुमच्याकडे कोरियन नासपती ‘नाशी’ नावाने मिळेल. नाहीच मिळाली तर अर्धं गोड सफरचंद किसा आणि कांदा थोडा वाढवा.