अमेरिकेत क्रीडामाध्यमं शिकवायची आहेत, असं विचारणाऱ्या बातमीदार ताईंना

ताई, तुम्ही लिहिलंय की वर्तमानपत्राच्या क्रीडा डेस्कवर अकरा वर्षं झाली, पत्रकारितेत एमए आहे, दोन वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलंय. नवरा इंजिनिअर, मुलगी सात वर्षांची. अमेरिकेतल्या विद्यापीठात क्रीडा-संवाद शिकवायची नोकरी थेट मिळेल का, की पीएचडी करावीच लागेल, आणि करायची तर कुठे? मी याच वाटेने इथे आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

थेट नोकरीचं आधी सांगतो. इथे प्राध्यापकीच्या दोन वाटा आहेत. एक टेन्युअर-ट्रॅकची. तिला पीएचडी लागते, संशोधन छापत राहावं लागतं, साधारण सहाव्या वर्षी सगळं काम तपासलं जातं आणि त्यातून पार पडलं तर नोकरी कायम होते. दुसरी 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची. तिथे व्यवसायातला अनुभव हीच पात्रता, शिकवण्याचे तास जास्त, आणि करार ठरावीक वर्षांनी नव्याने होतो. तुमचा अनुभव दुसऱ्या वाटेला शोभणारा आहे. पण या जागांवर निवड समिती शोधत असते ती इथल्या चॅनेल आणि वर्तमानपत्रांत ओळखी असलेली माणसं, कारण विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिप त्या ओळखींवर चालतात. त्यात सप्टेंबर 2025 च्या अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेर असलेल्या उमेदवाराच्या नव्या एच-1बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जावर 1 लाख डॉलर शुल्क लावलं. इथे शिकून इथेच व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही, असं नंतर स्पष्ट करण्यात आलं. तुमच्यासाठी कोणता विभाग एवढा खर्च करेल? मला तरी शक्यता दिसत नाही. म्हणून माझं उत्तर: पीएचडी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विद्यापीठ निवडू नका, गाइड निवडा. आणि गाइड निवडण्याआधी स्वतःचा प्रश्न ठरवा. अर्जात "मला खेळांची आवड आहे, मी अकरा वर्षं वृत्तांकन केलंय" असं लिहिणारे ढीगभर असतात. समितीला हवा असतो तो अजून कुणी नीट न विचारलेला प्रश्न.

एक उदाहरण देतो, कारण या क्षेत्रात काम कसं चालतं ते त्यातून कळतं. लॉस एंजेलिसच्या टीव्ही बातम्यांमध्ये महिलांच्या खेळाला किती वेळ मिळतो, हे 1989 पासून दर काही वर्षांनी मोजलं गेलं. मायकल मेसनर आणि पुढे शेरिल कुकी हे त्यामागचे संशोधक. 1989 मध्ये क्रीडाबातम्यांतला महिलांचा वाटा 5 टक्के होता, 2019 मध्ये 5.4 टक्के. मोजण्याची रीत फार अवघड नाही, पण तीन दशकं तीच रीत चिकाटीने चालवल्यामुळे तो आकडा कुणाला उडवून लावता येत नाही.

आता हाच प्रश्न तुमच्या हातात आहे असं समजा. विमेन्स प्रीमियर लीग 2023 मध्ये सुरू झाली, पहिल्या पाच वर्षांचे प्रसारण हक्क 951 कोटींना गेले. नोव्हेंबर 2025 मध्ये भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. त्या आठवड्यात पानंच्या पानं भरली, हे तुम्ही डेस्कवर बसून पाहिलंय. सहा महिन्यांनी त्या पानांवर काय उरतं? जिल्हा आवृत्तीत काय येतं? कबड्डी-खोखोच्या मुलींचं काय होतं? ती पानं कशी लागतात, कोणती बातमी कोण कापतं, जाहिरात आली की आधी काय उडतं, हे तुम्हाला आतून माहीत आहे. इथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला हे शिकायला चार वर्षं पुरणार नाहीत. तसंच मराठी समालोचनाचं. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवर क्रिकेट मराठीत आणलं, वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये क्रीडापानाला प्रतिष्ठा दिली. एका इंग्रजी खेळाला आपल्या भाषेने शब्द कसे दिले, हा विषय इंग्रजीतल्या संशोधनात जवळजवळ नाहीच. मला याबद्दल बोलायला लागलं की थांबवत नाही, पण खरंच, एवढा ऐवज उशाशी असताना अमेरिकन फुटबॉलवर प्रबंध लिहू नका.

मात्र एक चूक टाळा, ती मी केली. नोकरीसाठी पहिल्यांदा कॅम्पसवर बोलावलं तेव्हा पंचेचाळीस मिनिटांच्या व्याख्यानात मी निम्मा वेळ क्रिकेट समजावण्यात घालवला. समोरच्यांना खेळ कळला, माझा प्रश्न कळला नाही. ती जागा गेली. पुढच्या ठिकाणी मी सुरुवातच अशी केली की राष्ट्रवाद, जाहिरात आणि बातमी एकाच पानावर येतात तेव्हा वाचकाला नेमकं काय मिळतं. क्रिकेट पुराव्यापुरतं आलं. तिथे नोकरी मिळाली. तुमचा मसाला तुमचाच राहू द्या, पण प्रश्न असा मांडा की बेसबॉलवर काम करणाऱ्यालाही तो आपला वाटेल.

ठिकाणांबद्दल. टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठात प्राध्यापक अँड्र्यू बिलिंग्ज यांच्यामुळे क्रीडा-संवादाचं मोठं काम उभं राहिलंय. ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र केंद्र आहे. पेन स्टेटचं कर्ली सेंटर 2003 पासून क्रीडापत्रकारितेत आहे, फीनिक्सला ॲरिझोना स्टेटचं क्रॉन्काइट स्कूल आहे. नावाला भुलू नका. ब्रॅडली विद्यापीठाचं चार्ली स्टायनर स्कूल 2015 पासून पदवीसाठी नावाजलेलं आहे, पण तिथे पीएचडी नाही. शिवाय या विषयाचे लोक एकाच छताखाली नसतात. काही पत्रकारिता विभागात, काही संवादशास्त्रात, काही स्पोर्ट मॅनेजमेंटमध्ये, आणि हा विभाग कधी बिझनेस स्कूलमध्ये असतो तर कधी शारीरिक शिक्षणाच्या अंगाने जाणाऱ्या किनेसिऑलॉजीत. म्हणून विभागांच्या यादीऐवजी 'कम्युनिकेशन अँड स्पोर्ट' आणि 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ स्पोर्ट कम्युनिकेशन' या दोन नियतकालिकांचे गेल्या तीन वर्षांचे अंक चाळा. ज्यांचे निबंध वाचताना "हे मी वेगळं केलं असतं" असं वाटेल, त्यांना लिहा. चार ओळींचं पत्र पुरे: प्रश्न काय, साहित्य कुठलं, त्यांच्या कोणत्या निबंधाशी नातं काय.

गाइडला एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही दुसरीकडे गेलात तर समितीत हा विषय जाणणारं आणखी कोण आहे? माझे गाइड दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेले. इथे ते नेहमी घडतं. एका तरुण प्राध्यापिकेने मला सांभाळून घेतलं नसतं तर माझी पीएचडी तिथेच अडकली असती.

पैशांचं थोडक्यात: असिस्टंटशिपशिवाय येऊ नका. तिच्यात फी माफ होते, स्टायपेंड मिळतो, बदल्यात आठवड्याला 20 तास शिकवणं किंवा संशोधनात मदत. स्टायपेंड बहुधा नऊ महिन्यांचाच असतो. उन्हाळ्याचे तीन महिने कसे काढायचे, ते आधी विचारून घ्या.

वर्गात शिकवायला उभं राहण्याआधी बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांची बोलण्याची परीक्षा होते. ती तुम्ही द्याल. खरी धास्ती वेगळी आहे: विसाव्या वर्षीची मुलं खेळाबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जाणतात. मी पहिल्या सेमिस्टरला प्रत्येक घरच्या सामन्याला विद्यार्थी-वृत्तपत्राच्या बातमीदारांशेजारी प्रेस बॉक्समध्ये बसलो आणि विचारत राहिलो. त्यांनी मला अमेरिकन फुटबॉल शिकवला, मी त्यांना सामन्याच्या बातमीचा पहिला परिच्छेद शिकवला. समोर बसलेल्यांत खेळाडूही असतात. 1 जुलै 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं, आणि 2025-26 पासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. ज्याच्याबद्दल बातमी लिहायला शिकवायचं, तोच पहिल्या बाकावर. तुमच्यासारख्या अनुभवी बातमीदाराची किंमत मला अशा वर्गातच सगळ्यात जास्त दिसते.

कुटुंबाचा विचार तिकीट काढण्याआधी करा. तुम्ही एफ-1 या विद्यार्थी-व्हिसावर याल, नवरा आणि मुलगी एफ-2 या कुटुंबीयांच्या व्हिसावर. एफ-2 वर नोकरी करता येत नाही. माझी बायको फार्मासिस्ट. चार वर्षं ती घरी बसली, आणि त्या चार वर्षांची किंमत मी माझ्या पदवीत मोजतो. तुमच्या नवऱ्याने आधी तिथूनच काम करत राहावं का, स्वतःच्या नोकरीच्या व्हिसावर यावं का, हे दोघांनी बसून ठरवा. मुलीला सरकारी शाळेत बारावीपर्यंत फी लागत नाही.

पदवीनंतर 12 महिने ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी-व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना आणखी 24 महिने मिळतात, पण संवादशास्त्राच्या बहुतेक पदव्या त्या यादीत नसतात. म्हणून नोकरीचा शोध शेवटच्या वर्षाच्या ऑगस्टमध्येच सुरू करायचा. जाहिराती तेव्हाच येऊ लागतात. विद्यापीठांना एच-1बीची वार्षिक मर्यादा लागू नाही, त्यामुळे मर्यादेपेक्षा जास्त अर्ज आले की निघणाऱ्या लॉटरीची टांगती तलवार नसते. नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात ग्रीन कार्डबद्दल विचारा. शिकवण्याच्या जागेवर स्पर्धेतून निवड झाली असेल, तर निवडीपासून 18 महिन्यांच्या आत लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे ग्रीन कार्डाच्या पहिल्या पायरीचा, अर्ज गेला पाहिजे. तो गेला नाही तर विभागाला जागेची जाहिरात पुन्हा काढावी लागू शकते. भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची आहे, तिच्यातला एकेक महिना मोलाचा.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशांच्या मुदती डिसेंबर ते जानेवारीच्या आसपास असतात. शिफारसपत्रांपैकी दोन तरी तुम्हाला शिकवलेल्या प्राध्यापकांची हवीत. संपादकांचं एक चालेल. आणि सुटीच्या दिवशी तुमच्याच वर्तमानपत्राचे मार्च 2022 आणि मार्च 2024 चे अंक काढून क्रीडापानांवरच्या महिलांच्या बातम्या मोजा. किती, कोणत्या कोपऱ्यात, फोटोसह की फोटोविना. ती वही घेऊन प्रश्न लिहायला बसा. दोन पानं झाली की मला पाठवा, मी वाचून परत पाठवेन.