पुढचे पॅड शाबूत, मागचे मात्र संपले!

प्रश्न : नमस्कार दादा, आमची सात सीटर डिझेल एसयूव्ही आहे, चारी चाकांना डिस्क ब्रेक, हँडब्रेक हाताने ओढायचा. राहायला खानापूर आणि माझं माहेर साखळी, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट असा फेरा होतोच. गाडी 26,000 किलोमीटर झालीय, वॉरंटीत आहे. मागून कर्रकर्र आवाज यायला लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला दाखवली तर म्हणे मागचे पॅड संपले, डिस्कलाही चरे पडलेत, दोन्ही बदला. पुढचे अजून अर्धे आहेत. कारण विचारलं तर "मॅडम, तुम्ही घाटात ब्रेक जास्त दाबता" एवढंच. घरी मिस्टरही आता तेच म्हणतात. पुढच्या आठवड्यात कामाला गाडी द्यायची आहे. खरंच माझी चूक आहे काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, पहिल्यांदा मिस्टरांना हे वाचून दाखवा. ब्रेक जोरात दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, नाक खाली जातं, म्हणजे जास्त काम पुढच्या ब्रेकचं. नुसतं जोरात दाबून पॅड गेले असते तर आधी पुढचे गेले असते की हो! तुमच्याकडे उलटं झालंय.

आता दुसरी बाजू पण सांगतो. हल्लीच्या गाड्यांत ईबीडी असतं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा, ते हलक्या ब्रेकला मागच्या चाकांनाही बरंच कामाला लावतं, वर मागचे पॅड बऱ्याच गाड्यांत मुळात बारीक. त्यामुळे मागचे आधी झिजले म्हणजे बिघाडच असं नाही. उतारावर पाय सतत ब्रेकवर हलका टेकून ठेवायची सवय असेल तर ती मात्र सोडा, चोर्ल्यात उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनलाच गाडी धरू द्या.

पण मला खरा संशय कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीवर आहे, आणि तो संशय जुने पॅड बघितल्याशिवाय फिटणार नाही. मागचे चारही पॅड काढले की तिथंच शेजारी शेजारी मांडायला सांगा, डावे डावीकडे उजवे उजवीकडे, आतला कुठला बाहेरचा कुठला ते खडूने लिहून. चारही सारखेच झिजले असतील तर ती नेहमीची झीज. एकाच चाकाचे गेलेत किंवा आतला पार लोखंडापर्यंत आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, तर काहीतरी जाम झालंय. मागच्या पावसाळ्यात कणकुंबीकडची एक गाडी बघितली, पॅड नवे टाकून चार महिनेच झालेले आणि आतला परत संपलेला. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातल्या एकीचं रबर बूट फाटलेलं, आत आपली तांबडी माती आणि पाणी जाऊन पिन गंजून अशी धरलेली की पान्याने पिळली तेव्हा कुठं हलली. पॅड बदलणाऱ्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं, मालकाला भुर्दंड दोनदा. मला अशा कामाचा फार राग येतो.

म्हणून पिना काढून साफ करायला लावा, फाटलं असेल तर बूट नवं, आणि ग्रीस ब्रेकचंच सिलिकॉनवालं, डब्यातलं साधं चेसिस ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन परत अडकते. हँडब्रेकची केबल सोडल्यावर पूर्ण मोकळी होते का तेही बघू द्या, गाडी जॅकवर असताना मागचं चाक हाताने फिरवलं की कळतंच, नुसतं थोडं घासत फिरलं तर चालेल, अडून बसलं तर नाही. अजून एक, तुमच्यासारख्या केबलच्या हँडब्रेकमध्ये बहुतेक गाड्यांत नवे पॅड बसवताना मागच्या कॅलिपरमधला पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारा दट्ट्या, फिरवत आत घालावा लागतो, शिकंजा लावून जोराने दाबला की आतला हँडब्रेकचा भाग मोडतो. हे काम शिकाऊ पोरावर सोडू नका. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, मोजून दाखवा म्हणावं, त्याच्या वर असेल आणि चरे खोल नसतील तर बदलायची सक्ती कशाला?

पैशाचं म्हणाल तर पॅड झिजणारी वस्तू, वॉरंटीत सहसा धरत नाहीत. पण कॅलिपर जाम निघाला तर तो झिजेत मोडत नाही, वॉरंटीत मागा, आणि जॉबकार्डवर "मागचा आतला पॅड जास्त झिजला, कॅलिपर तपासावा" असं स्वतः लिहून घ्या, तोंडी नको. ब्रेक ऑइलला 2 वर्षं झाली असतील तर तेही याच वेळी बदला, ते हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडे चार महिने दुसरं काय असतं.

पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका, ओले पॅड डिस्कला चिकटतात.

आणि ताई, कर्रकर्र म्हणजे बहुतेक लोखंडावर लोखंड घासतंय. काम होईपर्यंत ही गाडी घाटात अजिबात नको. साखळीला जायचंच झालं तर बस धरा, गाडी गावातल्या गावात, सावकाश, तीही सर्व्हिस सेंटरपर्यंतच.